गरुड चोच मोडत नाही, आणि लांडग्यांत ‘अल्फा’ नसतो

गरुडाच्या पुनर्जन्माची गोष्ट तुमच्या मोबाइलवर कधीच आली नाही असं होणं कठीण आहे. गरुड चाळीस वर्षांचा झाला की त्याची चोच वाकते, नखं बोथट होतात, पिसं जड होतात. मग तो डोंगरावर जाऊन चोच खडकावर आपटून मोडतो. नवी चोच आली की तिनं जुनी नखं उपटतो, नव्या नखांनी पिसं उपटतो, आणि दीडशे दिवसांनी ताजातवाना होऊन आणखी तीस वर्षं जगतो. तात्पर्य: बदल हवा असेल तर वेदना सोसा.

यातलं काहीही खरं नाही. गरुडाच्या चोचीवरचं आवरण केराटिनचं असतं, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात त्याच पदार्थाचं. ते जन्मभर वाढत राहतं आणि खाताना, फांदीवर-दगडावर घासताना झिजत राहतं. चोच मोडून बसलेल्या गरुडाला मांस फाडता येणार नाही. दीडशे दिवस तर सोडाच, त्याआधीच तो उपासमारीनं मरेल. शिवाय रानातले मोठे गरुड साधारण वीस-तीस वर्षं जगतात, त्यामुळे चाळिशीतल्या पेचाचा प्रश्नच येत नाही. हळूहळू तापत जाणाऱ्या पाण्यात बसून राहणारा बेडूकही याच माळेतला मणी. खरा बेडूक पाणी सोसेनासं झालं की सरळ उडी मारून बाहेर पडतो.

खरा गरुड काय करतो ते मात्र पाहण्यासारखं आहे. ऊन-वाऱ्यानं त्याची पिसं झिजतात आणि ती बदलावीच लागतात. पण तो ती थोडी थोडी बदलतो. एखाद-दुसरं पीस गळतं, त्या जागी नवं फुटतं, मग पुढच्याची पाळी. मोठ्या गरुडांत पंखांची सगळी पिसं बदलून व्हायला वर्षाहून जास्त काळ जातो, आणि तेवढा काळ त्याची शिकार अखंड चालू असते. बदकं आणि हंस नेमके उलटे. ते उडायची पिसं जवळपास एकदमच टाकतात, आणि नवी येईपर्यंत काही आठवडे त्यांना अजिबात उडता येत नाही. त्यांना हे परवडतं, कारण त्यांचं खाणं पाण्यात किंवा काठावर असतं आणि धोका दिसला तर पाण्यात शिरता येतं. गरुडाचं पोट पंखांवर चालतं, त्याला सुट्टी घेऊन चालत नाही.

चालू काम सोडून सगळं नव्यानं मांडावं की काम चालू ठेवून हळूहळू बदलावं, अशा विचारात असलेल्या माणसाला चोच आपटणाऱ्या गरुडापेक्षा हे दोन खरे पक्षी जास्त उपयोगी पडतील. निदान ते योग्य प्रश्न तरी विचारायला लावतात: तुझं पोट कशावर चालतं, आणि मधला काही काळ उडता आलं नाही तर तुझं भागणार आहे का?

प्राण्यांकडून शिकण्याचा मला पटणारा मार्ग हा एवढाच आहे. प्राण्याचं वर्तन म्हणजे एका अडचणीवर कैक पिढ्यांत सापडलेलं उत्तर. ते उचलण्याआधी अडचण कोणती होती आणि उत्तराची किंमत काय मोजावी लागली, हे बघायला हवं. निको टिनबर्गन या प्राणिवर्तनतज्ज्ञानं 1963 साली यासाठी चार प्रश्न घालून दिले: हे वर्तन शरीरात कशानं सुरू होतं, पिल्लू वाढताना ते कसं येतं, त्यानं जगण्या-तगण्यात काय फायदा होतो, आणि पूर्वजांपासून ते कसं घडत आलं. दहा वर्षांनी त्याला कोनराड लोरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासोबत नोबेल मिळालं. सुविचारवाल्या गोष्टींत या चारांपैकी एकाचंही उत्तर नसतं, तिथे थेट तात्पर्यच येतं.

चुकीच्या ठिकाणी पाहून काढलेलं तात्पर्य किती दूर जाऊ शकतं, हे लांडग्यांच्या बाबतीत दिसलं. ‘अल्फा’ ही कल्पना आज व्यवस्थापनाच्या वर्गांपासून व्यायामशाळेपर्यंत सगळीकडे पोचली आहे. लांडग्यांच्या टोळीत सगळ्यांना दाबून, लढून वर चढलेला एक म्होरक्या असतो, तेव्हा माणसानंही तसंच व्हावं, असं सांगितलं जातं. या कल्पनेचं मूळ रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 सालच्या अभ्यासात आहे. त्यांनी पाहिलेले लांडगे स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कुंपणाआड होते. अनोळखी कैद्यांना एका कोठडीत कोंडून त्यांच्या भांडणांवरून माणसाच्या कुटुंबव्यवस्थेबद्दल निष्कर्ष काढावेत, तशातला हा प्रकार. तिथे मारामारी होणारच, कारण निघून जायला वाट नाही.

अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांनी 1970 सालच्या आपल्या पुस्तकातून ही कल्पना सर्वदूर पोचवली. पुढे 1986 पासून दर उन्हाळ्यात ते कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समीर बेटावर जाऊ लागले. तिथल्या लांडग्यांना माणसाचं भय नव्हतं, त्यामुळे त्यांना जवळून पाहता आलं. त्यांना दिसलं ते असं: टोळी म्हणजे आई, बाप आणि त्यांची गेल्या काही वर्षांतली पोरं. पोरं मोठी झाली की घर सोडतात, जोडीदार शोधतात आणि स्वतःची टोळी सुरू करतात. आईबापांना पोरांशी लढून पद मिळवावं लागत नाही. तेरा उन्हाळ्यांत वर्चस्वाची एकही लढाई पाहिली नाही, असं मेक यांनी 1999 साली लिहिलं. शिकार मोठी असेल तर सगळे एकत्र जेवतात. पिल्लं उतरंडीत सगळ्यात खाली, तरी त्यांना आईबापच नव्हे तर मोठी भावंडंही आणून भरवतात. ‘अल्फा’ हा शब्द आता वापरू नये असं मेक स्वतः सांगत राहिले, आणि आपलं ते जुनं पुस्तक छापणं थांबवावं म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. स्वतःचीच गाजलेली कल्पना मागे घेणारी माणसं फार नसतात, म्हणून मला लांडग्यांइतकंच मेक यांच्याही वागण्याचं कौतुक वाटतं. अर्थात हेही शेवटचं चित्र नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानासारख्या, भक्ष्यानं भरलेल्या जागी टोळ्या मोठ्या होतात, एकाच टोळीत दोन-तीन माद्यांना पिल्लं होतात, आणि तिथे वर्चस्वाची ओढाताण पुन्हा डोकं वर काढते. जागा बदलली की उत्तरही बदलतं.

ठरवण्याचा अधिकार कुणाचा, यावर आफ्रिकी रानकुत्र्यांची पद्धत गमतीशीर आहे. विश्रांतीनंतर शिकारीला निघायचं की नाही, हे ते शिंकून ठरवतात. बोत्स्वानातल्या टोळ्यांवरचा हा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. जितक्या शिंका जास्त, तितकी टोळी निघण्याची शक्यता जास्त. मात्र सगळ्यांचं वजन सारखं नाही. वरच्या दर्जाच्या कुत्र्यानं पुढाकार घेतला तर तीनेक शिंकांत काम भागतं, खालच्यानं घेतला तर दहाएक लागतात. म्हणजे लोकशाही आहे, पण आपल्यासारखीच, जरा झुकलेली.

आता वटवाघळं. परस्परांना मदत करण्याबद्दल गोड गोड बोलणाऱ्यांनी रक्त पिणाऱ्या वटवाघळांकडे जरूर पाहावं, कारण इथे मदतीचा हिशोब जवळून दिसतो. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत राहणारं हे वटवाघूळ जेमतेम तीस-चाळीस ग्रॅमचं. रक्त हेच त्याचं एकमेव अन्न. रक्तात पाणी आणि प्रथिनं भरपूर, चरबी नावापुरती, त्यामुळे अंगावर साठा होत नाही. लागोपाठ दोन-तीन रात्री उपाशी गेल्या की ते मरतं. आणि उपाशी परतणं काही विरळा नाही, विशेषतः नवख्या पोरांच्या बाबतीत.

झाडाच्या ढोलीत परतलेली उपाशी मादी शेजारणीला बिलगते, तिचं अंग साफ करू लागते, तिचं तोंड चाटते. शेजारीण तयार असेल तर पोटातलं थोडं रक्त परत वर आणते आणि उपाशी मादी ते तिच्या ओठांवरून चाटून घेते. देणारीचं पोट भरलेलं असतं, त्यामुळे तिला त्या घासाची किंमत थोडी पडते. घेणारीला तेवढ्यात आणखी एक रात्र मिळते. जेराल्ड विल्किन्सन यांनी कोस्टा रिकात हे टिपलं आणि 1984 साली मांडलं. पुढे जेराल्ड कार्टर यांच्यासोबतच्या प्रयोगांत दिसलं की कोण कुणाला भरवणार हे नात्यापेक्षा ‘तिनं मला आधी भरवलं होतं का’ यावर जास्त ठरतं.

यातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक, अनोळखी माद्या एकत्र आणल्या तर त्या पहिल्याच दिवशी रक्त वाटून घेत नाहीत. आधी एकमेकींचं अंग साफ करणं सुरू होतं, ज्यात फारसं काही जात नाही. ते वाढत जातं, आणि विश्वास बसल्यावरच जिवावरचा घास देण्यापर्यंत गाडी येते. ओळख झाल्या झाल्या सर्वस्व ओवाळून टाकणारा आणि वर्षानुवर्षं ओळख असूनही काडीचं न देणारा, दोघंही तिथे टिकणार नाहीत. दुसरी गोष्ट त्याहून शहाणपणाची. संशोधकांनी काही माद्यांची हक्काची भरवणारी, बहुधा आई किंवा लेक, काही काळ बाजूला काढली. ज्या माद्यांनी आधी नात्याबाहेरच्या जास्त जणींना भरवलं होतं, त्यांची आबाळ कमी झाली. ज्यांनी सगळं देणंघेणं घरातल्या घरातच ठेवलं होतं, त्या अडचणीत सापडल्या. नेहमीच्या काळात आईला किंवा लेकीला भरवणं जास्त लाभाचं. बाहेरचीला दिलेला घास हा आपलं माणूस जवळ नसेल त्या रात्रीसाठीचा विमा. हा 2017 सालचा अभ्यास कुठल्याही ‘नेटवर्किंग’च्या व्याख्यानाहून चांगला आहे असं माझं मत.

वडीलधाऱ्यांचा उपयोग काय, हे हत्तींनी मोजून दाखवलं आहे. केनियातल्या अंबोसेलीत कॅरन मॅकोम्ब आणि सहकाऱ्यांनी हत्तींच्या कळपांना ध्वनिक्षेपकावरून सिंहाच्या डरकाळ्या ऐकवल्या. कधी सिंहिणीच्या, कधी नर सिंहाच्या. नर सिंह जास्त धोकादायक, कारण तो एकट्यानंही हत्तीचं पिल्लू पाडू शकतो. ज्या कळपाची म्होरकी हत्तीण साठीच्या पुढची होती, तो कळप नराची डरकाळी बरोबर ओळखायचा, थांबून कान टवकारायचा, पिल्लांना मध्ये घेऊन एकत्र दाटायचा. म्होरकी तरुण असलेल्या कळपांना हा फरक तितकासा कळत नसे. डरकाळी सगळ्यांनीच ऐकली होती. ती कोणाची, हे ऐकून ऐकून तयार झालेल्या कानालाच कळलं. हा अभ्यास 2011 चा.

दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्गची कहाणी याहून गंभीर आहे. क्रूगर अभयारण्यात हत्तींची संख्या कमी करण्यासाठी मोठ्यांना मारलं जाई आणि अनाथ पिल्लं दुसरीकडे सोडली जात. अशी पिल्लं पिलानेसबर्गला आली आणि एकाही मोठ्या नराशिवाय वाढली. वयात आलेले हे नर 1992 ते 1997 या काळात गेंड्यांवर तुटून पडू लागले आणि चाळीसहून जास्त पांढरे गेंडे त्यांनी मारले. कारण त्यांच्या माजात, म्हणजे नर हत्तीला काही काळ येणाऱ्या मिलनाच्या आक्रमक अवस्थेत, होतं. नर हत्ती एरवी पंचविशी-तिशीच्या सुमारास माजावर येऊ लागतो, आणि सुरुवातीला थोडेच दिवस. हे विशीच्या आतच माजावर येत होते, आणि तेही महिनोन्‌महिने. 1998 साली क्रूगरमधून सहा मोठे नर आणून सोडले. तरुणांचा माज आखूड झाला आणि गेंडे मरायचे थांबले.

इथे ‘तरुणांना वडिलांचा धाक हवा’ असं म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. पण त्या सहा नरांनी कुणाला बदडून सरळ केलं असं नाही. माजावर आलेला मोठा नर समोर उभा राहिला की तरुणाचा माज शरीरातूनच ओसरतो, ही हत्तींची घडण आहे. आणि मुळात ही वेळ आली ती माणसांनी एक अख्खी पिढी काढून टाकल्यामुळे. त्या तरुणांना बिघडलेले म्हणणं सोपं आहे, पण त्यांच्या आजूबाजूला कोण नव्हतं हेही बघायला हवं.

अपयशाबद्दल थोडक्यात. सिंहाच्या तीन-चार प्रयत्नांत एखादाच फळतो, बाकी वेळा जनावर निसटतं. चित्त्याला सगळ्यात वेगवान म्हणून डोक्यावर घेतात. 2013 साली बोत्स्वानातल्या पाच चित्त्यांच्या गळ्यात यंत्रं बसवून 367 धावा मोजल्या, तेव्हा सर्वाधिक वेग ताशी 93 किलोमीटर भरला. पण बहुतेक शिकारी यापेक्षा बऱ्याच कमी वेगात झाल्या, सरासरी धाव 173 मीटरची होती आणि साधारण चारातली एक यशस्वी. कामाला येत होतं ते वळणं आणि ऐन वेळी वेग तोडणं. शिकार हाती लागल्यावरही सिंह किंवा तरसांची टोळी आली की चित्ता वाद घालत नाही, सोडून निघून जातो. बारीक अंगाचा तो. एक जखम झाली तर पुढच्या सगळ्या धावा संपल्या. दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंत एक कुरर पक्षी आहे. चोचीतल्या मांसासाठी दुसरे पक्षी त्याच्यावर तुटून पडतात, तो मांस टाकून देतो आणि सुटतो. तिथे तो धडा वैराग्याचा आहे, चित्त्याचा मात्र शुद्ध व्यवहार. त्या चोवीसांतले पतंग, मासा, हरीण, हत्ती हे तर ‘असं करू नका’ म्हणून गुरू झाले आहेत. जुन्या लोकांना प्राणी सरसकट आदर्श वाटत नव्हते, हे मला आवडतं.

इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात उडणाऱ्या हंसांचं उदाहरण मात्र बऱ्यापैकी टिकतं, आकडा सोडून. एकत्र उडल्यानं 71 टक्के जास्त अंतर कापता येतं असं छातीठोकपणे सांगतात. तो आकडा 1970 सालच्या एका गणिती मांडणीतून आलेला आहे. प्रत्यक्षात रांगेत उडणाऱ्या पेलिकनांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा ते एकट्यानं उडणाऱ्यापेक्षा 11 ते 14 टक्क्यांच्या आसपास कमी भरले. पुढे राहून वारा कापणं कष्टाचं असतं, आणि शराटीच्या जातीतल्या टकल्या आयबिसांवरच्या 2015 च्या अभ्यासात दिसलं की जोडीतला प्रत्येक पक्षी जितका वेळ दुसऱ्याच्या मागे उडतो तितकाच वेळ पुढेही राहतो. पाळ्या छोट्या छोट्या आणि चटचट बदलणाऱ्या, त्यामुळे फसवायला फार वाव नाही.

आतापर्यंत निवडलेली उदाहरणं मनाला बरी वाटणारी होती. त्याच रानात सिंह नवा कळप ताब्यात घेतो तेव्हा आधीच्या नराची पिल्लं मारून टाकतो. टांझानियातल्या गोंबेमध्ये 1974 ते 1978 या काळात चिंपांझींच्या एका गटानं शेजारच्या गटातले नर एकेक करून संपवले, आणि मारणारे व मरणारे पूर्वी एकाच गटात होते. म्हणून ‘निसर्गात असंच असतं’ हे वाक्य कुणी वापरलं की मी सावध होतो. निसर्गात सगळंच असतं. सांगणारा त्याला हवं ते उचलत असतो.

आणि ‘असंच असतं’ म्हणावं असं वर्तनही नेहमी पक्कं नसतं. बबून माकडांचे नर भांडखोर म्हणून प्रसिद्ध, वरच्यानं खालच्याला चावावं, त्यानं राग मादीवर काढावा हा रिवाज. रॉबर्ट सापोल्स्की केनियात अभ्यास करत असलेल्या एका टोळीतले आक्रमक नर 1980 च्या दशकात जवळच्या पर्यटक निवासाच्या उकिरड्यावर हक्क सांगायला जात. तिथल्या दूषित मांसातून क्षयाची साथ आली आणि ते सगळे मेले, टोळीतले जवळपास निम्मे नर गेले. मागे उरले ते मवाळ नर आणि माद्या. भांडणं कमी झाली, एकमेकांना कुरवाळणं वाढलं, खालच्या दर्जाच्या नरांच्या अंगात ताणाच्या खुणा कमी दिसू लागल्या. बबूनांत वयात आलेला नर जन्माची टोळी सोडून दुसरीकडे जातो, त्यामुळे 1993 पर्यंत त्या साथीतून वाचलेला एकही नर तिथे उरला नव्हता. होते ते सगळे बाहेरच्या भांडखोर टोळ्यांतून आलेले. तरीही टोळी तशीच मवाळ राहिली. सापोल्स्की आणि लिसा शेअर यांनी 2004 साली हे मांडलं तेव्हा त्यांचा रोख माद्यांच्या वागण्यावर होता. तिथे माद्यांवर विनाकारण हल्ले होत नसत, त्या निवांत असत, आणि नव्यानं आलेल्या नराला जवळ करून त्याचं अंग साफ करायला त्या इतर टोळ्यांतल्या माद्यांपेक्षा बऱ्याच लवकर तयार होत.